दागिन्यावरच्या तीन खुणा

गेल्या दोन-तीन वर्षांत घेतलेली सोन्याची बांगडी आतल्या अंगाने भिंगाखाली धरली, तर तीन बारीक खुणा दिसतात. पहिली भारतीय मानक ब्युरोची, म्हणजे बीआयएसची त्रिकोणी खूण. दुसरी शुद्धतेची: २२ कॅरेटला ९१६, १८ कॅरेटला ७५०. तिसरी म्हणजे सहा रोमन अक्षर-अंकांची एक जुळणी, जी फक्त त्या एकाच नगाची असते. तिला एचयूआयडी म्हणतात. दुकानदार भिंग पुढे करतो, गिऱ्हाईक बघितल्यासारखं करतं आणि गाडी मजुरीच्या टक्क्यावर येते.

या तिन्ही खुणा एकाच दिवशी, एकाच हुकमाने आलेल्या नाहीत. पहिलीला फारसा कुणाचा विरोध नव्हता. दुसरी सक्तीची व्हायला २१ वर्षं लागली. तिसरीवरून २३ ऑगस्ट २०२१ रोजी देशभरातल्या सराफांनी दुकानं बंद ठेवून निषेध केला. सोन्याचा कस मोजायला माणूस फार पूर्वी शिकला होता. वाद राहिला तो मोजायचं कुणी, आणि मोजलेलं लिहून कुणाच्या वहीत ठेवायचं, याचा.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुवर्णाध्यक्ष नावाचा अधिकारी आहे आणि त्याच्या हाताखाली अक्षशाला आहे. सोनारांनी काम करायचं ते राज्याच्या देखरेखीत. कसोटीच्या दगडावर रेघ कशी ओढायची हे तर त्यात आहेच, शिवाय गिऱ्हाइकाचं सोनं लंपास करण्याच्या पाच तऱ्हाही नावानिशी दिल्या आहेत. तराजूत खोट करणं, धातू बदलणं, आत हलका धातू भरून वरून सोन्याचा पत्रा चढवणं. नियम लिहिणाऱ्याला धंदा आतून ठाऊक होता, हे ती यादी वाचताना कळतं.

मराठी मुलखात हे काम पोतदाराकडे होतं. बाजारात अनेक टांकसाळींची, अनेक कसांची नाणी फिरत. सरकारात वसूल भरताना कुठलं नाणं चोख आणि कुठलं बट्ट्याचं, हे पोतदार पारखून सांगे. गावगाड्यात बहुधा सोनारच पोतदार असे. म्हणजे ज्याच्या हातात मूस, त्याच्याच हातात पारख. आजच्या भाषेत बोलायचं तर नियामक आणि नियंत्रित एकच. गावात ते चालून जाई, कारण फसवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच पारावर बसायचं असे.

पोतदाराचं हत्यार म्हणजे कसोटीचा काळा, गुळगुळीत दगड. दागिना त्यावर घासून एक रेघ ओढायची, तिच्या शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सळईची रेघ ओढायची आणि दोन्हींचे रंग ताडून बघायचे. मग तेजाबाचा थेंब सोडायचा. हिणकस रेघ विरते, चोख टिकते. मुरलेला सराफ आजही एवढ्यावर भाव करतो आणि फारसा चुकत नाही. पण दगडाला कळतं ते पृष्ठभागाचं. आत काय आहे हे त्याला दिसत नाही, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला तर दगडावर दोन पिवळ्या रेघांपलीकडे काहीच दिसत नाही.

इंग्लंडमध्ये हाच पेच वेगळ्या वाटेने सुटला. १३०० साली पहिल्या एडवर्डच्या कायद्याने सोनारांच्या व्यवसायसंघाच्याच प्रमुखांना दुकानोदुकानी फिरून तपासणी करण्याचा आणि बिबट्याच्या मुखाचा छाप मारण्याचा अधिकार दिला. १४७८ पासून छापासाठी माल लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये आणावा लागू लागला. त्या ‘हॉल’मधला छाप तो हॉलमार्क. ही व्यवस्था ब्रिटिशांनी इथे मात्र आणली नाही. मुंबईच्या टांकसाळीत सोन्याचा कस लावून मिळे, झवेरी बाजारात त्या दाखल्याला मान होता; पण तो लगडीपुरता. दागिन्याच्या कसाची हमी अखेरपर्यंत दुकानदाराच्या शब्दावर राहिली.

त्या शब्दामागे एक हिशेब होता आणि तो समजल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. सोन्याचा भाव सगळ्यांना ठाऊक, म्हणून त्यात कमाई नाही. मजुरी वाढवली तर गिऱ्हाईक शेजारच्या पेढीवर जातं. मग कमाई कुठून काढायची? कसातून. बावीस सांगून वीस द्यायचं, आणि मोडीला आलं की ‘घट’ म्हणून तेच कापून घ्यायचं. आपलाच माल परत आला तर घट कमी धरायची, दुसऱ्याचा असला तर जास्त. यातून गिऱ्हाईक एका पेढीशी पिढ्यानपिढ्या बांधलं जाई. ‘आमचे सराफ’ या आपुलकीच्या शब्दात विश्वास होता, तशी ही मेखही होती. सोनार सख्ख्या आईच्या दागिन्यातूनही गुंजभर काढतो ही कुचेष्टा आपण ऐकलेली असते. ती मला अन्यायाची वाटते. मजुरी पडेल भावाने मागणारं गिऱ्हाईक या व्यवहारात तेवढंच सामील होतं.

स्वतंत्र भारताच्या सरकारने सोन्याच्या कसाला पहिल्यांदा हात घातला तो ग्राहकासाठी नव्हेच. १९६२ च्या चीन युद्धानंतर परकी चलनाची चणचण होती, तस्करी जोरात होती. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी जानेवारी १९६३ मध्ये भारत संरक्षण नियमांखाली सुवर्ण नियंत्रण आणलं. नवा दागिना १४ कॅरेटहून अधिक कसाचा घडवायचा नाही! लोकांना बावीसची सवय. चौदाचं सोनं त्यांना आवडेनासं होईल, मागणी घटेल, तस्करी आपोआप थांबेल, असं गणित. कागदावर त्यात चूक काढता येत नाही.

पण चौदा कॅरेट म्हणजे १४ भाग सोनं आणि १० भाग इतर धातू. हा मिश्रधातू रंगाने वेगळा, हाताला ताठ. ठोकून पत्रा काढावा, तार ओढावी, तर तो लवकर कडक होतो, पुन्हा पुन्हा तापवावा लागतो. जाळीकाम, गोफ, तोडे, ठुशीचे मणी या सगळ्यात हात बसलेला असतो तो बावीसवर. शिवाय विकत कोण घेणार? लाखो कारागिरांचं काम एका रात्रीत थांबलं. सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या, मोर्चे निघाले. सरकारने कर्जाच्या आणि पर्यायी रोजगाराच्या योजना काढल्या. भट्टीपुढे आयुष्य घालवलेल्या माणसाला त्यांचा उपयोग किती, हे सांगायला नको. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कामराज योजनेत मोरारजी मंत्रिमंडळाबाहेर पडले. मग गिऱ्हाइकाने स्वतःचं जुनं सोनं दिलं तर त्यातून अधिक कसाचा दागिना घडवायला मुभा मिळाली, आणि १९६६ मध्ये चौदाची अटच गेली.

एखाद्या वस्तूचा दर्जा ती बनवणाऱ्याशी एक शब्दही न बोलता ठरवला तर काय होतं, याचं एवढं स्वच्छ उदाहरण आपल्याकडे दुसरं नसावं. दर्जा पाळला गेला नाही. धंदा माजघरात गेला, इतकंच.

१९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा हा त्याचाच उत्तरार्ध. कसाची अट नव्हती. पण चिपा-लगडी सामान्य माणसाने बाळगायच्या नाहीत, व्यक्तीकडे दोन किलो आणि कुटुंबाकडे चार किलोंवर दागिने असतील तर जाहीर करायचे, सराफाला परवाना, सोनाराला दाखला, सगळ्यांना वह्या. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये त्यातली अनेक कलमं घटनाबाह्य ठरवली, ती दुरुस्त होऊन परत आली. पुढची वीस वर्षं सराफी पेठेने ‘इन्स्पेक्टर’ या प्राण्याचा जो अनुभव घेतला, तो तिच्या हाडीमाशी मुरला. हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला. ती घोषणा अर्थमंत्री मधु दंडवते यांनी अर्थसंकल्पात केली. राजापूरचे खासदार, समाजवादी. खुल्या बाजाराचे भाट तर नक्कीच नव्हेत. जो कायदा कुणी पाळत नाही तो ठेवून फक्त हप्ते वाढतात, हे कळायला विचारसरणी आड येत नाही.

नियंत्रण उठलं, सोनं मुबलक झालं, पेढ्यांची शोरूम झाली, आणि मग कसाचा प्रश्न ग्राहकाच्या बाजूने उभा राहिला. त्याला पहिलं उत्तर बाजारानेच दिलं: केडीएम.

दुकानांच्या पाट्यांवर हा शब्द कित्येक वर्षं मिरवला. त्यामागची अडचण खरी होती. दागिन्याचे सुटे भाग जोडायला डाख लागतो आणि तो मूळ सोन्याआधी वितळायला हवा. म्हणून त्यात तांबं-चांदी भरपूर घालत. शंभर जोडांचा हार घडवला की बावीसचं सोनं वापरूनही अख्ख्या हाराचा कस खाली येई. सोनार चोर नव्हे, डाख चोर. कॅडमियमने हे सोडवलं; ‘केडीएम’ म्हणजे तेच. ९२ भाग सोनं आणि ८ भाग कॅडमियम एवढा उंची डाख तितक्याच सहज वितळतो आणि दागिन्याचा कस पडत नाही. पण फुंकणीपुढे कॅडमियम जळतं, त्याचा धूर कारागिराच्या छातीत जातो. तो फुप्फुसाला आणि मूत्रपिंडाला घातक. गिऱ्हाइकाला शुद्धता मिळाली, किंमत मोजली कुठल्याशा गल्लीतल्या पोटमाळ्यावर बसलेल्या कारागिराने. पुढे जस्ताचे आणि इतर धातूंचे डाख आले, कॅडमियम हटलं. ‘केडीएम’ हा शब्द मात्र लोक शुद्ध सोन्याचं नाव म्हणून वापरत राहिले. त्या पाटीमागे कसलीही चाचणी नव्हती. दुकानदाराचाच शब्द, फक्त तीन इंग्रजी अक्षरांत.

एप्रिल २००० मध्ये बीआयएसने सोन्याच्या दागिन्यांसाठी हॉलमार्क योजना सुरू केली. ऐच्छिक. ज्याला हवं त्याने नोंदणी करायची, माल मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात पाठवायचा. हे केंद्र खासगी, पण तिऱ्हाइताचं. आणि इथे प्रथमच घडवणारा आणि पारखणारा वेगळे झाले. मानकाचं नाव आयएस १४१७. जाहीर केलेल्या कसाहून खाली अजिबात सूट नाही. नऊशे सोळा म्हणजे हजारात नऊशे सोळा, पंधरासुद्धा नाही.

या केंद्रात चालतं काय, ते बघण्यासारखं असतं. आधी क्ष-किरणांच्या यंत्राखाली दागिना ठेवतात. मिनिटाभरात पडद्यावर धातूंचे टक्के येतात. पण हेही दगडासारखंच, वरवरचं. खरा निकाल भट्टी देते. लॉटमधल्या काही नगांचे बारीक कण खरवडून घेतात आणि मिलिग्रॅमच्याही अंशापर्यंत तोलणाऱ्या काट्यावर वजन करतात. त्यात ठरलेल्या प्रमाणात चांदी घालतात आणि सगळं शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळून त्याची गोळी करतात. ती गोळी सच्छिद्र कुपीत ठेवून हजार अंशांच्या वर तापलेल्या भट्टीत जाते. शिसं वितळतं, तांबं-जस्त असल्या हलक्या धातूंना सोबत घेतं आणि कुपीच्या भिंतीत जिरून जातं. तळाशी उरतो सोनं-चांदीचा एक चकचकीत मणी. तो ठोकून, लाटून त्याची पट्टी काढतात, गुंडाळी करतात आणि नत्राम्लात उकळतात. चांदी विरघळते. राहते ती तपकिरी, भुसभुशीत सुरळी. ती तापवली की एकदम सोन्याचा रंग धरते. पुन्हा वजन. आधीचं आणि नंतरचं, या दोन आकड्यांचा भागाकार म्हणजे दागिन्यावरचा तो ९१६.

यातलं मूळ तंत्र शेकडो वर्षांचं आहे. आणि जुनं सोनं गाळून चोख करण्याचा धंदा तर एका अर्थाने मराठी धंदा आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईसाठी देशभर पांगली आहेत. केरळातल्या एखाद्या गावी किंवा पंजाबातल्या शहरात सराफी गल्लीत शिरा. जुने दागिने आटवून देणाऱ्या छोट्या भट्टीवर विट्याकडची मराठी कानावर पडण्याची शक्यता दांडगी. मोडीच्या दागिन्यात खरं सोनं किती, हे देशात सगळ्यात आधी या माणसांना कळे. सराफ त्यांच्या पट्टीवरचा आकडा मानत. त्यांच्याकडे शिक्का नव्हता, होती ती पत. सरकारी चर्चांच्या टेबलाभोवती सराफांच्या संघटना दिसतात, निर्यातदार दिसतात, यंत्रवाले दिसतात. गलाईवाले क्वचितच.

ऐच्छिक योजनेचं काय व्हायचं तेच झालं. मोठ्या पेढ्यांनी ती उचलली, कारण शिक्का जाहिरातीत शोभतो. छोट्यांनी पाठ फिरवली. २०१२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सक्तीला मान्यता दिली, विधेयक संसदेत गेलं आणि तिथेच रखडलं. त्याच वर्षी दागिन्यांवर उत्पादन शुल्क लावण्याचा घाट घातला गेला, तेव्हा सराफांनी तीन आठवडे बंद पाळून तो परतवला. २०१६ मध्ये एक टक्का शुल्क पुन्हा आलं; या वेळचा बंद महिन्याहून जास्त चालला, पण शुल्क राहिलं. या दोन बंदांचा हॉलमार्कशी थेट संबंध नाही, असं कुणी म्हणेल. माझ्या मते पुढचं सगळं भांडण त्यातच दडलेलं आहे. पेठेची भीती शिक्क्याची कधीच नव्हती. वहीची होती.

२०१६ चा बीआयएस कायदा ऑक्टोबर २०१७ पासून लागू झाला आणि सक्तीचा रस्ता मोकळा झाला. त्याआधी, २०१७ च्या सुरुवातीला, खुणा सुटसुटीत झाल्या. पूर्वी दागिन्यावर वर्षाचं अक्षरही असे: २००० साठी ए, पुढे बी, सी. ते गेलं. दुकानदाराच्या दृष्टीने त्या अक्षराची अडचण उघड होती. दोन वर्षं कपाटात राहिलेला हार गिऱ्हाइकाला शिळा वाटणार. कसही तीनच ठेवले: १४, १८, २२.

१५ जानेवारी २०२० रोजी सक्तीची अधिसूचना निघाली. तेव्हा ग्राहक व्यवहार खातं रामविलास पासवान यांच्याकडे होतं. मुदत एका वर्षाची. मग कोविड आला. १५ जानेवारी २०२१ ची तारीख १ जून झाली, १ जूनची १५ जून. दरम्यान सराफांची संघटना, ऑल इंडिया जेम अँड ज्वेलरी डोमेस्टिक कौन्सिल, न्यायालयात गेली. देशातल्या निम्म्याहून अधिक जिल्ह्यांत तपासणी केंद्रच नाही, मग तिथल्या सराफाने माल न्यायचा कुठे, हा तिचा सवाल. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सराफांवर तूर्त सक्तीची कारवाई करू नये असा अंतरिम आदेश दिला. कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, तोही मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत, अशी तरतूद होती. तपासणी दुसऱ्याने करायची आणि कस कमी भरला तर तुरुंगात आपण, हा मुद्दा सराफ बैठकीत मांडत होते, आणि तो टाकाऊ नव्हता.

१५ जूनला तेव्हाचे ग्राहक व्यवहार मंत्री पीयूष गोयल यांच्यासोबत बैठक झाली आणि १६ जूनपासून नियम लागू झाला. पण आधी लिहिलेला नव्हे. ज्या जिल्ह्यांत केंद्र आहे असे २५६ जिल्हे, महाराष्ट्रातले त्यांत २२. वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल तर सूट. दोन ग्रॅमच्या आतल्या नगाला सूट. कुंदन, पोलकी, जडावाला सूट. २०, २३ आणि २४ कॅरेटही मान्य. ऑगस्टअखेर दंड नाही. नोंदणी फुकट आणि कायमची. १९६३ शी ताडून पाहिलं तर जमीन-अस्मानाचं अंतर. सोनारानेच कान टोचावेत ही म्हण दिल्लीच्या कुणी बाबूने ऐकली असेल-नसेल. या वेळी सुई मात्र सोनारांच्या हातात बरीचशी दिली होती.

तरी ऑगस्टमध्ये बंद झालाच, कारण १ जुलैपासून एचयूआयडी आला. केंद्रातून निघणाऱ्या प्रत्येक नगाला स्वतंत्र क्रमांक, त्याची संगणकावर नोंद. सराफांनी सांगितलेल्या तक्रारी अशा: प्रणाली संथ आहे, माल केंद्रात अडकून पडतो, गिऱ्हाइकाने अंगठी एक माप मोठी करून मागितली तर क्रमांकाचं काय करायचं, साखळीचे दोन कडे कापले तर तो जुना दागिना की नवा? यातल्या पुष्कळशा खऱ्या होत्या. प्रणाली रडत होतीच. पण न सांगितलेली तक्रार याहून मोठी होती. कोणत्या पेढीकडे किती नग आले याचा हिशेब आता तिच्या वहीबाहेर, सरकारी सर्व्हरवर राहणार. उद्या तो कुणाला विकला हेही मागतील. आज बीआयएस, उद्या जीएसटी, परवा आयकर.

सरकारनेही इथे प्रामाणिक मांडणी केली नाही, असं मला वाटतं. शुद्धतेसाठी ९१६ हा आकडा पुरेसा होता. क्रमांक लागतो तो बनावट शिक्का पकडायला, आणि मालाचा माग ठेवायला. पहिलं कारण मोठ्याने सांगितलं, दुसरं हळू. अखेर क्रमांक राहिला. विक्रीनंतर गिऱ्हाइकाचं नाव नोंदवायची सक्ती मात्र आली नाही. दोघांनीही आपण जिंकलो असं सांगितलं.

१ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकायला बंदी झाली. जुना माल आधी जाहीर केलेल्या सोळा हजारांवर सराफांना जूनअखेरपर्यंत मुदत मिळाली. जिल्हे वाढत गेले: २०२२ मध्ये ३२, २०२३ मध्ये ५५, नोव्हेंबर २०२४ मध्ये आणखी १८, एकूण ३६१. सक्तीच्या आरंभी नोंदणीकृत सराफ सुमारे ३५ हजार होते, दोन-अडीच वर्षांत ते पावणेदोन लाखांच्या पुढे गेले. नगामागे शुल्क ३५ रुपये होतं, ते मार्च २०२२ मध्ये ४५ झालं, वर जीएसटी.

आणि या सगळ्यात एक गोष्ट जाता जाता घडली. पूर्वी दागिन्यावर सराफाची आणि तपासणी केंद्राची अशी स्वतःची खूण असे. एचयूआयडी आल्यावर त्या दोन्ही गेल्या. दागिना कुणाचा, हे आता बीआयएसच्या मोबाइल ॲपवर क्रमांक घातल्यावरच कळतं. तिथे सराफाची नोंदणी, केंद्र, तपासणीची तारीख, नगाचा प्रकार, कस एवढं येतं. घरातल्या कुणीतरी हे एकदा करून बघावं. अंगठी हातात असताना ॲप ‘कर्णभूषण’ दाखवत असेल, तर क्रमांक उसना आहे. कस कमी निघाला तर तुटीच्या दुप्पट भरपाई नियमात आहे. घरातलं जुनं, बिनशिक्क्याचं सोनंही ग्राहक थेट केंद्रात नेऊन तपासून घेऊ शकतो. चार नगांपर्यंत २०० रुपये. ही सोय फारच थोड्यांना ठाऊक आहे, आणि मोडीच्या वेळी घट किती धरायची हा वाद तिने जागच्या जागी मिटतो.

सवलतींची यादी मात्र पुन्हा एकदा वाचावी. दोन ग्रॅमच्या आत काय येतं? चमकी, मुरणी, बाळाच्या कानातल्या बाळ्या, मंगळसूत्राच्या सुट्या वाट्या, पोतीत ओवायचे चार मणी. ४० लाखांच्या आतली उलाढाल कुणाची? आठवडी बाजाराच्या गावातल्या सोनाराची. कांद्याचे पैसे आल्यावर एक ग्रॅमचे मणी घेणारी बाई बहुतेक वेळा या दोन्ही सवलतींच्या आत सापडते. दहा तोळ्यांचा राणीहार घेणाऱ्याला भट्टीचा निकाल मिळतो, आणि तिला जुना शब्द. दोन्ही सवलती व्यवहाराला धरून आहेत, हे मान्य. इवल्याशा मण्यावर खूण कोरणार कुठे, गावच्या सोनाराने तालुक्यापलीकडचं केंद्र गाठायचं कसं? पण बैठकीला बसलेल्यांमध्ये तिच्या बाजूने बोलणारं कुणी असतं, तर निदान मण्यांच्या अख्ख्या सरीला एक दाखला द्या, एवढी मागणी तरी नोंदली गेली असती.

जुलै २०२५ मध्ये आयएस १४१७ मध्ये ९ कॅरेटचीही भर पडली: हजारात ३७५ भाग. दहा ग्रॅमचा भाव लाखावर गेल्यावर तरुण गिऱ्हाईक दुकानात यायला हवं असेल तर हलक्या कसाचा माल हवा, असा पेठेचाच आग्रह होता. मोरारजींनी लादलेले चौदा न पेलणारा हा धंदा आता आपणहून नऊवर उतरला.

पुढची बैठक चांदीची आहे. तिचा हॉलमार्क २००५ पासून आहे, ऐच्छिक. १ सप्टेंबर २०२५ पासून त्यालाही एचयूआयडी जोडला गेला, तोही अजून ऐच्छिकच. सक्तीची बोलणी सुरू झाली की हातकणंगले तालुक्यातल्या हुपरीचा आवाज त्यात असायला हवा. तिथे घरोघरी पैंजण, वाळे, जोडवी घडतात; देशभर माल जातो; भाव ठरतो तो ‘टंच’वर, म्हणजे चांदीच्या कसावर, आणि पैंजणाच्या कड्या-घुंगरांना लागणाऱ्या डाखाने टंच खाली येतोच, हे घेणारा-देणारा दोघंही जाणून असतात. सोन्याच्या नगावर पंचेचाळीस रुपये कुणाच्या डोळ्यांत येत नाहीत. जोडव्यांच्या जोडावर नगागणिक शुल्क, लॉट केंद्रात नेण्या-आणण्याचा खर्च आणि थांबलेले चार दिवस यांची बेरीज मजुरीच्या किती पट होते, हा हिशेब हुपरीच्या कारखानदाराला तोंडपाठ आहे. नगाऐवजी वजनावर शुल्क घ्या, किंवा ठरावीक वजनाखाली अख्ख्या लॉटला एकच दाखला द्या, अशी मागणी त्याला आजच कागदावर मांडून ठेवता येईल. अधिसूचना निघाल्यावर हातात उरते ती न्यायालयाची तारीख आणि मुदतवाढीचा अर्ज.